वाचकांची पत्रं: नोकरीचे अर्ज, मिलचा भोंगा आणि लिहायची खाज

यावेळी पत्रांचा ढीग पडलाय आणि निम्म्याहून जास्त नोकरीबद्दलची आहेत, साहजिकच आहे म्हणा, निकाल लागले की घरोघरी तोच विषय, पोह्याच्या ठेल्यावरसुद्धा तोच. माझा जन्म पर्सोनेल खात्यात गेला (तेव्हा त्याला कुणी एचआर म्हणत नव्हतं), इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात लोकांचे अर्ज वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला, त्यामुळे या विषयावर मला मतं आहेत आणि ती मी देणार. ज्यांना गोड उत्तरं हवी असतील त्यांनी शेजारच्या पानावरचं राशिभविष्य वाचावं.

ताई नमस्कार. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. ॲपवरून रोज अर्ज टाकतो पण फोन येत नाही, आला तर क्रेडिट कार्डवाल्यांचा येतो. रेझ्युमे सोबत जोडलाय, मित्राचा होता त्यातच नाव बदललं. सध्या टाइमपास म्हणून सियागंजला काकांच्या दुकानावर बसतो, बिलं टॅलीत टाकतो, जीएसटीचं सगळं जुळवून वकिलाकडे पाठवतो, पण ती काही नोकरी नाही. बाबा म्हणतात पुण्याला जा. काय करू?
*– सुदामा नगरचा एक फ्रेशर*

अरे बाळा, तुझ्या पत्रात जे आहे ते तुझ्या रेझ्युमेत का नाहीये?

रेझ्युमेत काय आहे तर हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, क्विक लर्नर. मी आळशी आहे आणि माझं कुणाशी पटत नाही असं लिहिलेला अर्ज मी आयुष्यात पाहिला नाही, त्यामुळे हे शब्द वाचणाऱ्याला दिसतच नाहीत, डोळा त्यांच्यावरून घसरून पुढे जातो आणि पुढे काही सापडलं नाही की अर्ज बाजूला. आणि छंद म्हणून स्विमिंग लिहिलंयस तो तुझा छंद आहे का मित्राचा? उद्या समोरचा माणूस स्वतः पोहणारा निघाला तर काय करशील.

आता तू ज्याला टाइमपास म्हणतोस ते बघू. सियागंज म्हणजे शहराचा घाऊक किराणा, तिथल्या दुकानात दिवसाला किती बिलं होतात ते तुला माहीत आहे, मला सांगायला नको. तू खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅलीत करतोस. महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं) अकरा तारखेपर्यंत जातं, चौदाला २बी (समोरच्या पार्ट्यांनी टाकलेल्या बिलांवरून बनलेली खरेदीची यादी) तयार होतं, वीसच्या आत ३बी (कर भरायचं रिटर्न) भरायचं असतं, म्हणजे अकरा ते वीस या दिवसांत दुकानात काय गोंधळ असतो तो तू आतून बघितलायस. एखाद्या पार्टीने बिल अपलोडच केलं नाही की ते २बीत दिसत नाही, काकांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं, मग त्या पार्टीला फोन कोण करतं? तूच ना? मग हे लिही. "घाऊक किराणा दुकानात टॅलीवर नोंदी, महिन्याला सुमारे इतकी बिलं, २बीशी खरेदी जुळवणं, सुटलेल्या बिलांचा पाठपुरावा." एवढ्या दोन ओळी अकाउंट्सवाल्या माणसाला पुरतात, कारण त्याला उद्या सकाळपासून नेमकं हेच करणारा मुलगा पाहिजे असतो.

काकांकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, कधीपासून आणि काय काम ते त्यात येऊ दे. आणि ते काही देत असतील तर खात्यात टाका म्हणावं, खिशात नको, पुढे कुणी मागच्या पगाराचा पुरावा मागितला तर बँकेचं स्टेटमेंट दाखवता येतं. घरचाच मुलगा आहे म्हणून काका हसतील, हसू देत.

बाकी किरकोळ. वडिलांचं नाव, धर्म, विवाहित-अविवाहित, खालची ती "वरील सर्व माहिती खरी आहे" वाली शपथ, हे सगळं काढ, त्या जागेत काम लिही. मोबाईल नंबर एकदा मोठ्याने वाच, मित्राचा तर नाही ना राहिला. फाईलचं नाव "रेझ्युमे फायनल फायनल न्यू" असं नको, तुझं नाव आणि अकाउंट्स एवढं पुरे.

पुण्याचं म्हणशील तर माझा विरोध नाही पण कशाला जायचं ते ठरवून जावं, अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीत तिथे कॉट बेसिस आणि मेस यातच पगार संपतो आणि घरी फोन करून पैसे मागायची वेळ येते, असं झालेली पोरं माझ्या बघण्यात आहेत. इथे सीए लोकांची ऑफिसं आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, सांवेर रोड आणि पिथमपूरचे कारखाने आहेत. सीएंकडे जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत रिटर्न आणि ऑडिटचा सीझन असतो, तेव्हा त्यांना हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून ते रडत असतात, तर त्याआधीच दारात जाऊन उभा राहा, ॲपवर बटण दाबून नाही, पायऱ्या चढून. काकांचे वकील आहेत ना, त्यांच्यापासूनच सुरुवात कर, ते तुझं काम दर महिन्याला बघतायत.

ताई, टेलिग्रामवर घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम मिळतंय, पण आधी रजिस्ट्रेशनचे २,५०० भरायचे म्हणतात, रिफंडेबल आहेत. भरू का?
*– एक गृहिणी, स्कीम ७१*

नका भरू. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, आणि "रिफंडेबल" म्हटलं की तर दोन पावलं आणखी मागे सरायचं. हे लोक पुढे काय करतात तेही सांगते, तुम्ही काम करून पाठवलंत की त्यात चुका काढतात, मग दंड मागतात, मग वकिलाची नोटीस म्हणून एक कागद पाठवतात, तो बघून बायका घाबरून आणखी पैसे भरतात. कुणी आधीच भरले असतील तर लाजत बसू नका, १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, त्यावर लगेच फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवली जायची शक्यता जास्त. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. नवऱ्याला काय वाटेल ते नंतर बघू.

मी खरगोनची. भंवरकुआँला रूम करून चार वर्षं एमपीपीएससीची (मध्य प्रदेश राज्यसेवेची) तयारी करतेय. प्रिलिम्स दोनदा निघाली, मेन्स एकदाही नाही. निकाल लागले तरी त्यातले १३ टक्के होल्डवर, मग वाटतं निघून तरी काय उपयोग. घरून विचारतात अजून किती. सोडून दिलं तर चार वर्षं पाण्यात गेली असं वाटतं आणि नाही सोडलं तर पाचवं जाईल. तुम्हीच सांगा.
*– भंवरकुआँची एक*

बरोबरच्या मुली तुला म्हणत असतील हिंमत हारू नकोस. मी तसं म्हणणार नाही. माझं मत विचारशील तर आणखी एक मेन्स दे, पण हाताला काम धरून दे, आणि ती कुठली मेन्स ते घरी आजच सांगून टाक. तुझ्या आईबाबांना पैशापेक्षा "अजून किती" याचं उत्तर नाही याचा त्रास जास्त होत असणार.

८७-१३ चं आधी बाजूला ठेवू. ओबीसी आरक्षण १४ का २७ हा वाद कोर्टात गेला म्हणून २०२२ मध्ये सरकारने निकाल दोन भागांत लावायचं ठरवलं, ८७ टक्के जागांचा लगेच आणि वादातल्या १३ टक्क्यांचा होल्डवर, त्यात मुलांचे हाल झाले हे खरंच आहे आणि राग येणंही बरोबर आहे, पण त्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टेलिग्राम ग्रुपवर वाद घालून तुझी मेन्स निघणार नाही. ज्याचे पेपर कोर्टात आहेत तो निकाल कोर्ट देईल.

तुझ्या पत्रातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रिलिम्स दोनदा निघते आणि मेन्स अडते. प्रिलिम्समध्ये गोल काळे करायचे असतात, मेन्सला सहाच्या सहा पेपर हाताने लिहायचे असतात. म्हणजे तुझं वाचन झालेलं आहे, लिहिणं कमी पडतंय. भंवरकुआँच्या लायब्ररीत बघ, लायब्ररी म्हणजे तासांवर भाड्याने घेतलेली खुर्ची, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मुलं वाचत असतात, वाचत असतात, हायलाइटरने पानं पिवळी करत असतात, आणि लिहिताना फारसं कुणी दिसत नाही, कारण लिहिलं की आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं आणि ते कुणाला आवडतं? तर रोज एक उत्तर, घड्याळ लावून, पेनाने. आणि क्लासच्या मॉडेल उत्तराची भाषा उचलू नकोस, तपासणाऱ्याने तेच उत्तर त्या गठ्ठ्यात सकाळपासून वाचलेलं असतं. शेतीवर प्रश्न आला, तू निमाडची मुलगी, कापसाच्या पट्ट्यातली, बेडियाची मिरची मंडी तुझ्या जिल्ह्यात आहे, भाव पडला की घरात कुठला खर्च आधी थांबतो हे तुला पुस्तकात बघायची गरज नाही. एक ओळ त्यातली आली तर ते उत्तर तुझं होतं. दोन ओळी नको मात्र, निबंध होईल.

कामाचं म्हणजे, दोन प्रिलिम्स काढलेल्या मुलीला क्लासवाले टेस्ट सिरीजचे पेपर काढायला आणि तपासायला घेतात, पैसे थोडे पण रूमचं भाडं सुटतं आणि शिवाय दुसऱ्यांची उत्तरं तपासताना आपलं कुठे चुकतं ते कळतं. रेझ्युमे करायची वेळ आली तर ही चार वर्षं कोरी सोडू नकोस, लोक तिथेच बोट ठेवतात. "राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण" असं साल घालून सरळ लिही. मी तर अशी मुलं मुद्दाम बोलवायची, बसून काम करायची सवय असते त्यांना.

पाण्यात गेली का चार वर्षं, याचं उत्तर मला देता येत नाही, तुलाही आत्ता येणार नाही, तो प्रश्न बाजूला राहू दे.

कंपनी पगारातून पीएफ कापते, स्लिपवर दिसतं, पण एका जुन्या माणसाने सांगितलं की भरतच नाहीत. कसं कळणार?
*– नाव नको, नोकरी जाईल*

तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर असेल, नोकरी बदलली तरी तो तोच राहतो, त्यावरून पासबुक मोबाईलवर उघडता येतं. त्यात तीन रकाने दिसतील, तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा. तुमच्याकडून मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के आणि कंपनीकडूनही १२, पण कंपनीच्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, तेही १५,००० च्या पगारापर्यंतच धरून, म्हणून कंपनीचा आकडा कमी दिसला तर लगेच घाबरायचं नाही. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात त्या महिन्याची ओळच नाही, हे मात्र गंभीर. स्लिपा घरी जपून ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. आधी अकाउंट्समध्ये गोडीने विचारा, कधी कधी नुसता उशीर झालेला असतो. उत्तर टाळलं तर पीएफ ऑफिसच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, पण त्यात यूएएन द्यावा लागतो, म्हणजे तुमचं नाव कळणार हे धरून चाला, शक्यतो चार-पाच जण मिळून करा. यूएएनच दिलेला नसेल तर जुना माणूस बरोबर बोलतोय असं समजा.

आदरणीय संपादक, मी रामबागेत राहते, वय झालं. शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्यात, पहिली दोन पानं पाठवतेय. मुलगा बंगलोरला असतो, "छान आहे आई" म्हणाला पण त्याने वाचलं नाही हे मला कळलं. नात मराठी बोलते छान पण वाचताना कंटाळते. कुणासाठी लिहावं असा प्रश्न पडतो. कृपया मार्गदर्शन करावे.
ता.क. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर आई आम्हाला शाळेसाठी उठवायची. गणपतीत वडील झांकीच्या (विसर्जन मिरवणुकीतल्या चित्ररथाच्या) कामाला रात्र-रात्र मिलमध्येच असायचे, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग बाकावर डोकं ठेवून झोपलेला असायचा. पण हे काही लिहिण्यासारखं नाही म्हणून घेतलं नाही.
*– एक आजी*

काकू, एक तर मला आदरणीय म्हणू नका, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. दुसरं म्हणजे तुमच्या दोन पानांपेक्षा तुमचा ता.क. मी जास्त वेळा वाचला. लोक खरी गोष्ट ता.क.मध्येच का टाकतात मला कळत नाही, वर तो सुदामा नगरचा मुलगाही तसाच.

तुमची पानं अशी सुरू होतात, "बालपणीचे ते सोनेरी दिवस आठवले की मन भरून येते. शाळा म्हणजे आमच्यासाठी संस्कारांचे मंदिर होते." रागावू नका पण हे वाक्य इंदूरच्या शाळेबद्दल आहे का नागपूरच्या हे मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही. मुलाने "छान आहे" म्हणून बाजूला ठेवलं त्यात त्याचा फार दोष नाही, त्यात त्याची आई कुठे दिसलीच नाही त्याला. आता त्याला फोन करून फक्त एवढं सांगा की आजोबा गणपतीत आठ-आठ दिवस घरी झोपायला नसायचे, का ते माहीत आहे का? बघा काय म्हणतो.

तर सुरुवात भोंग्यापासून करा. किती वाजताचा होता तो? पहिला वेगळा, दुसरा वेगळा असे होते का, आणि मालवा मिलचा भोंगा आणि तुमचा यात फरक कळायचा का? आई त्या आवाजाच्या आधीच उठलेली असायची की त्यानेच उठायची? वडिलांचा डबा आणि तुमचा डबा एकाच पोळीच्या चवडीतून भरला जायचा का? हे मी उगाच विचारत नाहीये, मला खरंच माहीत नाही आणि हे माहीत असलेली माणसं आता कमी होत चाललीत. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला, २२४ कोटी, तोपर्यंत किती कामगार गेले होते, बायका हेलपाटे घालत होत्या. कोर्टाच्या कागदात थकबाकीचा आकडा असतो, भोंग्यावर कुठली मुलगी उठायची आणि वेणी घालायची ते नसतं. तुमची नात इथे येते तेव्हा तिला कचरागाडीच्या गाण्याने जाग येत असेल, आपलं शहर आता स्वच्छतेत पहिलं येतं ना, तर तिला हा भोंगा काय प्रकार होता ते ऐकायला मजाच वाटेल.

झांकीचं तर वेगळं प्रकरणच करा. नुसतं "झांक्या बघायला जायचो" नको, ते सगळ्यांनी लिहिलंय. तुमचे वडील त्या झांकीत करायचे काय? सुतारकाम, वायरिंग, का रंग? मान हलवणारा हत्ती आतून कशावर हलायचा हे तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं होतं का? जेल रोडवर, राजवाड्यावर लाखो लोक पुढून बघत असायचे, तुम्ही मिलवाल्यांच्या मुली, तुम्हाला मागचा भाग माहीत असणार. बक्षीस दुसऱ्या मिलला मिळालं तर घरात काय व्हायचं? आणि दुसऱ्या दिवशी तो झोपलेला वर्ग, त्यावर बाई काय म्हणायच्या? उठवायच्या, की त्यांच्याही डोळ्यांवर झापड असायची? मला तर वाटतं बाईसुद्धा रात्रभर राजवाड्यावर होत्या.

आता थोडं नावडतं सांगते. सगळं गोड गोड लिहू नका. छडी होती ना? कुणाला जास्त बसायची आणि का, हे वर्गाला माहीत असतं. आठवीनंतर एखादी मैत्रीण शाळेत यायची बंद झाली असेल, तिचं लग्न झालं का तिच्या वडिलांची मिलमधली नोकरी गेली, तेही येऊ द्या. नाव बदला पण माणूस बदलू नका. आणि फी किती होती, दप्तर कशाचं होतं, मधल्या सुट्टीत गल्लीतली हिंदी बोलायचात का वर्गातली मराठी, असं जे आठवतं ते लिहा आणि जे आठवत नाही तिथे एखाद्या वर्गमैत्रिणीला फोन करा. ती वेगळंच सांगेल. दोघींचं लिहा, भांडण सोडवत बसू नका, ते वाचायला जास्त गंमत येते.

हात दुखत असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, मराठी निवडून बोललं की टाइप होतं, चुका होतात बऱ्याच पण नातीला दुरुस्त करायला लावा. वाचायला कंटाळणारी मुलगी आजीच्या चुका काढायला एका पायावर तयार होईल. शिवाय तुमच्या आवाजात रेकॉर्डही करून ठेवा. नातीसाठीच लिहा म्हणेन मी, फक्त तिला उद्देशून लिहू नका, तसं केलं की दुसऱ्या पानावर उपदेश सुरू होतो.

पुढची पानं मला पाठवा. संस्कारांचं मंदिर वगळून.

मी पिथमपूरला गियरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, शिफ्ट बदलत्या. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर कथा टाइप करतो. पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली तर परत आली, "भाषेवर हिंदीचा प्रभाव, प्रमाण मराठीत लिहावे". पण माझी पात्रं इंदूरची आहेत, ती "येऊन राहिलो ना भिया" असंच बोलणार. बदलू का? की आपण इकडचे लोक मराठी लेखक म्हणून मोजलेच जात नाही? शिवाय वेळ मिळत नाही तो प्रश्न वेगळाच. कथा सोबत आहे.
*– बी शिफ्टवाला*

कथा वाचली. आधी ते मोजलं जाण्याचं संपवू. साहित्य संमेलन इंदूरला १९१७ मध्ये झालंय आणि २००१ मध्येही झालंय. भा. रा. तांबे इकडच्याच मुंगावलीला जन्मले, संस्थानी नोकऱ्या करत लिहिलं, १९४१ मध्ये ग्वाल्हेरला वारले, त्यांच्या कविता पुण्या-मुंबईने डोक्यावर घेतल्याच. मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीत, एकाच घरात. तेव्हा आपण काही उपरे नाही, आणि एका परत आलेल्या कथेवरून उपरेपणाची तक्रार करायची सवयही लावून घेऊ नका, परत आलेल्या कथा पुण्याच्या लोकांकडेही भरपूर असतात.

आता भाषा. संवाद अजिबात बदलू नका. तुमचा तो फोरमन प्रमाण मराठी बोलायला लागला तर पहिल्या पानावरच खोटा वाटेल. पण संपादक अर्धे बरोबर आहेत हे मला सांगावंच लागेल, कारण हिंदी नुसती संवादात नाही, निवेदनातही घुसलीय आणि तिथे ती तुम्ही मुद्दाम आणलेली वाटत नाही, नकळत आलीय. एखाद्या परिच्छेदात निवेदक इंदूरी बोलतो, पुढच्यात एकदम शाळेच्या पुस्तकासारखा. ठरवा काहीतरी. सगळी कथाच त्या भाषेत सांगायची असेल तर बिनधास्त सांगा, पण मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच, वाचणाऱ्याला तिसऱ्या परिच्छेदात सवय होते. मोठ्याने वाचून बघा, जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करा.

कथेत मला आवडलं ते म्हणजे रात्री तीन वाजता तो गो-नो गो गेज हातात धरून उभा आहे, गेज आत जात नाहीये, आणि फोरमन म्हणतो थोडं दाबून बघ ना भिया, जाईल. बस. अख्खी कथा त्या दाबण्यात आहे. लॉट पास करायचा की नाही, केला तर काय, नाही केला तर कुणाचा इन्सेंटिव्ह जातो. हे पुण्याच्या वाचकाला गेज म्हणजे काय माहीत नसलं तरी कळतं, त्याला समजावून सांगू नका, तुम्ही तिथे सहा ओळींची टीप घातलीय ती काढा. त्याआधी चांदण्यावर जे दोन परिच्छेद आहेत तेही काढा, शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला चांदणं दिसत नाही. आणि शेवटचं पान, जिथे तो व्यवस्थेबद्दल विचार करतो, ते तर पूर्ण जाऊ द्या. त्याने सही केली की कथा संपली.

वेळेचं काय सांगू. पहाटे चारला उठून लिहा वगैरे मी म्हणणार नाही, सी शिफ्टवाल्याला असं सांगणारा माणूस सी शिफ्टला कधी गेलेला नसतो. बस ही चांगली जागा आहे तुमची. येताना थकलेले असता तेव्हा लिहू नका, नुसतं त्या दिवशी कोण काय बोललं ते दोन ओळींत टिपून ठेवा, आणि जाताना, डोकं ताजं असताना, त्यातलं एक उचलून पुढे न्या. नाईटच्या आठवड्यात काहीच नाही झालं तरी चालतं.

अंकांचं थोडं व्यवहाराचं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकांची दिवाळी पावसाळ्यातच येते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पाठवलेली कथा कुणी उघडूनही बघत नाही. जूनपर्यंत पाठवायची. युनिकोडमध्ये, फोटो काढून नाही. मेलमध्ये शब्दसंख्या आणि दोन ओळींत स्वतःबद्दल, त्यात पिथमपूरला क्वालिटीला आहे हे जरूर लिहा, "साहित्याची आवड" लिहू नका. एकच कथा एका वेळी पाच ठिकाणी पाठवू नका, दोघांनी छापली तर दोघेही पुन्हा दारात उभं करणार नाहीत. महिना-दीड महिन्याने एकदा विचारलं तर चालतं, मानधनाचंही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुधारून झाली की आधी आमच्याकडे पाठवा, आम्हालाही दिवाळी अंक काढायचाय. चांदण्यासकट आली तर मीपण परत पाठवीन.